इंदूकाकीचा शेवटचा कौल

कंपनीत आत जाताना मोबाईल गेटवर जमा करावा लागतो, म्हणून काकी गेल्याचं मला फोनवर कळलं नाही. पहिली पाळी सुटली, बिरवाडीच्या नाक्यावर बसमधून उतरले, गल्लीत वळले आणि आमच्या अंगणात चपलाच चपला दिसल्या. कार्याच्या घरी चपला पसरलेल्या असतात, आणि बाहेर कुणी ना कुणी हसत उभं असतं. इथं कुणी हसत नव्हतं. शेजारची सईदाभाभी माझ्या हातातला डबा घेत म्हणाली, "भात वाढून घेतला होता गं. दोन घास खाल्ले आणि तशीच भिंतीला टेकली." ताट अजून तिथंच होतं. काकीचं हृदय दमलंय, गळ्याचा जुना आजार फार वर्षं अंगात राहिला, असं मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण सांगून ठेवलेलं माणूस जपून ठेवतो थोडंच… मला आधी सुचलं ते एवढंच, की हिचे डोळे कोण मिटणार? नीट मिटतच नाहीत ते.

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली, मग लग्न, मग नवऱ्याच्या पाठोपाठ इकडे महाडच्या औद्योगिक वसाहतीत. तो ठेकेदाराकडे, मी गोळ्यांच्या पॅकिंगला. मला लिहायची सवय नाही. हे लिहितानाही धाक वाटतोय, की शिकलेली माणसं वाचतील, काय म्हणतील. पण काकीबद्दल कुणीतरी सरळ लिहायला पाहिजे, नाहीतर तिच्या माहेरी तिची जी गोष्ट सांगतात तीच खरी होऊन बसेल. आणि त्या गोष्टीतून एका पोरीला सोडवायला काकीनं जे केलं, त्याचीच तिला मरेपर्यंत लाज वाटत राहिली.

इंदूकाकी आमची घरमालकीण. नवरा कंपनीत होता, त्यानं घर बांधलं, मागं भाड्याच्या खोल्या काढल्या आणि लवकर गेला. मुलगा सुरतेला. आम्ही दोन पिशव्या घेऊन खोली बघायला आलो तेव्हा मला सहावा महिना होता. तिनं दार उघडलं आणि मी एक पाऊल मागं सरले. डोळे नुसते मोठे नव्हते, ते पुढं आले होते. वरच्या पापण्या इतक्या वर चढलेल्या की बुबुळाच्या वरचं पांढरंही दिसायचं. कुणीतरी आत्ताच हिला जोरात दचकवलंय आणि ते दचकणं उतरलंच नाही, असं वाटायचं. मी घाबरून खाली वाकले आणि तिच्या पायांना हात लावला. तिनं पाय ओढून घेतले. "पाया पडून भाडा कमी नाय व्हायचा हां," ती म्हणाली, आणि मग माझ्या पोटाकडं बघून, "ये गो आत, बस. पाणी पी."

त्या डोळ्यांबद्दल बिरवाडीत एक बोललं जायचं आणि वर डोंगरात दुसरंच. बिरवाडीतल्या बाया म्हणायच्या, हिची नजर वाईट, जेवताना समोर आली तर घास अडकतो. काकीचं माहेर पोलादपूरच्या वर, कुडपणाच्या वाटेला एका वाडीत. वाडीचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांना ओशाळं वाटायला नको. त्या वाडीत म्हणायचे, इंदूच्या अंगात देवी हाय. नवरा गेल्यानंतरच्या शिमग्याला ती माहेरी गेलेली. तेव्हाच तिचं वजन उतरायला लागलं होतं, हात थरथरायचे, डोंगरावरच्या थंडीतही घाम फुटायचा, छाती धडाडायची, आणि डोळे असे. पालखी सहाणेवर, देवळापुढच्या चौथऱ्यावर, बसली, ढोल वाजायला लागले, आणि गर्दीत उभी ही बाई घामाघूम होऊन थरथरताना लोकांनी पाहिली. गुरवानं तिला पुढं बोलावलं आणि विचारलं, "कोण आलंय?" ती म्हणाली, "मला गरम होतंय." तेवढ्यावर नारळ फुटले. पुढं दरवर्षी तिला सहाणेवर बसवायचे, लोक कौल मागायचे, आणि ती सांगायची.

काय सांगायची ते मला पुष्कळ नंतर कळलं. ती समोरच्या माणसाकडं बघायची आणि म्हणायची, "तुझ्या खांद्यावर एक बाई बसलेली हाय." किंवा, "तुझ्या मागं कोणतरी उभा हाय, जात नाय." मग तो माणूस रडायला लागायचा, कारण ज्याच्या मागं कुणी नाही असा माणूस कुठला? कुणाची आई, कुणाची न नांदवलेली बहीण… नाव तोच सांगायचा.

माझ्या बाळंतपणाला हिंगोलीहून आईला येता आलं नाही. काकीनं सगळं केलं. तेल लावलं, पोटाला फडकं बांधलं, मुलीला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. आणि मी काय केलं, तर काकी खोलीत यायच्या आधी रोज लेकीच्या गालाला काजळाचा टिळा लावायचे. शेजारणींनी भरवलं होतं. एक दिवस काकी लवकर आली, माझ्या बोटावर काजळ तसंच. मी हात पदरात लपवला. ती बसली, तिनं काजळाची डबी स्वतः उघडली आणि पोरीच्या गालावर बोराएवढा टिळा काढला. "असा लाव. माझे डोळे बारक्या टिळ्याला भीत नायत." आणि हसली. मला हसता आलं नाही. त्या दिवसापासून मी टिळा सोडला, पण गाल पुसून झाले तरी बोटाचं ते काळं डोळ्यांसमोरून जात नाही.

लेकीला डोस द्यायला आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो, पोर काकीच्या मांडीवर. तिथले डॉक्टर पोरीकडं बघायचं सोडून काकीकडंच बघत राहिले. म्हणाले, "आजी, हात पुढे करा." तिच्या पसरलेल्या बोटांवर त्यांनी एक कागद ठेवला. कागद पिंपळाच्या पानासारखा थरथरायला लागला. गळ्याला हात लावून गिळायला सांगितलं, नाडी बघितली, आणि विचारलं, "किती वर्षं असं आहे?" काकी म्हणाली, "देवी आल्यापासून." डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. रक्त तपासलं आणि चिठ्ठी देऊन मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मुलाला रजा नव्हती, म्हणून पोरीला सईदाभाभीकडं ठेवून मी गेले बरोबर.

तिथं डोळ्यांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी काकीसमोर एक पेन धरलं. "किती पेनं दिसतात?" काकी म्हणाली, "दोन." बाईंनी तळहातानं तिचा एक डोळा झाकला. "आता?" काकीनं मान पुढं काढून पेनाकडं बघितलं. मग म्हणाली, "एक." बाईंनी हात काढला, "आता?" "दोन." पुन्हा झाकला, एक. काकीनं स्वतःच हात वर केला, डोळा झाकला आणि माझ्याकडं बघितलं. हात काढला, बघितलं. असं तिनं किती वेळा केलं… मला वाटलं खेळतेय. मग तिचा चेहरा पाहिला.

बाईंनी समजावलं ते मला आजही पाठ आहे, कारण काकी ते पुन्हा पुन्हा माझ्याकडून वदवून घ्यायची. अंगात राखणदार असतात, बाहेरून रोग आला की त्याला मारायचं त्यांचं काम. काहींच्या अंगात हे राखणदार चुकतात आणि घरच्याच माणसांच्या मागं लागतात. गळ्यात थायरॉईडची ग्रंथी असते, तिला ते डिवचत राहतात. मग ती भरमसाट काम करायला लागते. म्हणून घाम, धडधड, थरथर, खाऊनही वाळणं. आणि त्या ग्रंथीवर जी खूण असते, तसलीच खूण डोळ्यांच्या मागच्या मांसात आणि चरबीत असते, म्हणून राखणदार तिथंही जातात. मागचं सुजतं, डोळा पुढं ढकलला जातो. डोळा फिरवणारे स्नायू ताठ होतात, दोन डोळे एका जागी बघत नाहीत, आणि एका माणसाची दोन दिसतात. दुसरं थोडं वर, थोडं बाजूला.

"म्हंजे खांद्यावर," काकी म्हणाली.

बाईंना कळलं नाही. मला कळलं. काकी पुढं म्हणाली, "घरचीच भानगड म्हणायची की. बाहेरचा कोणच नाय." बाई हसून म्हणाल्या, "अगदी बरोबर." घराण्यात चालू शकतं, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. लेकीबाळींकडं, भावंडांच्या मुलांकडं लक्ष ठेवा म्हणाल्या.

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. पेण गेल्यावर बोलली. "मी खोटा नाय बोलले गो सुमे. मला दिसत होता." मी म्हणाले, काकी, तुमचा काय दोष. ती म्हणाली, "वाडीत एक पोरगी हाय. लग्नाला वरीस झाला नि दादला गेला. मागून एक चांगला स्थळ आलेला, बापानं तिला माझ्यापुढं आणून बसवली. मी बघितला, तिच्या मागं कोणतरी उभा. मी बोलले, तुझा दादला अजून गेला नाय. ती तशीच बसलीय गो. केस पिकायला लागले तिचे." मग महाड येईपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून बसली.

गोळ्या सुरू झाल्या, सुया झाल्या. हातांची थरथर थांबली, अंग भरलं, घाम गेला. चष्म्याच्या काचेवर बाईंनी एक चिकटपट्टीसारखी काच बसवून दिली, तिनं दोनाचं एक दिसायला लागलं. पण डोळे आत गेले नाहीत. गळा बरा झाला म्हणजे डोळे बरे होतात असं नाही, त्यांचा हिशोब वेगळा, आणि ऑपरेशन करावं तर हृदय झेपणार नाही, असं ठरलं. डोळे तसेच राहिले म्हणून वाडीतले म्हणायचे, औषधानं देवी निजलीय, गेली नाय.

पुढच्या दिवाळीत काकीचा भाऊ दत्तूदादा लेकीला घेऊन आला. संगी, नुकतीच बारावी झालेली. पोर ओढणीनं वारा घेत होती, दिवाळीच्या थंडीत. चहाचा कप बशीत वाजत होता. काकीनं तिचा चेहरा वर केला आणि माझ्याकडं बघितलं. पापण्या चढायला लागल्या होत्या.

"दादा, हिला दवाखान्यात ने."

"कशाला? तिला काय झालंय?" दत्तूदादाच्या आवाजात अभिमान होता, मी ऐकलाय. "गुरव बोलला, येत्या शिमग्याला संगीला बसवायची."

"अरे रोग हाय तो! माझ्यासारखाच."

"तुझ्या अंगातून गेली नि पोरीकडं आली. आता तुला हेवा वाटतोय काय गो बाय?"

काकीनं त्याला पेन दाखवलं, डोळे झाकून दाखवले, राखणदार सांगितले. तो लाडू खात राहिला. डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं, डोळ्यापाठची नस दाबली गेली तर नजरच जाते, रंग फिके दिसायला लागले की थांबायचं नाही. मी हळूच संगीला विचारलं, काकीच्या लुगड्याचा रंग कसा दिसतो? ती म्हणाली, "मळका लाल." लुगडं नवं होतं, लालभडक.

त्यानंतर काकीनं रोज फोन केले. दत्तूदादानं उचलणं सोडलं. मग शिमगा आला. काकी म्हणाली, "चल माझ्यासोबत. सगळ्यांसमोर सांगते. गावकी ऐकेल, मग दादाला ऐकावा लागेल." मी सुट्टी मागितली. मिळाली आणि गेले. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढं जीप, शेवटी चढण. चढणीला काकी दर वळणावर बसायची.

सहाणेवर पालखी, भोवती सगळी वाडी, मुंबईहून आलेली पोरं मोबाईल वर धरून शूटिंग करत होती. संगीला हिरवं नेसवून, केस मोकळे सोडून बाजूला बसवलं होतं. पोर घामानं भिजली होती. तिथल्या गावकीत बाया बोलत नाहीत. पण काकी पुढं गेली तेव्हा ढोल आपोआप थांबले, कारण ती काकी नव्हती ना त्यांच्यासाठी. तिनं चष्मा काढला नाही. म्हणाली, "माझ्यात देवी नव्हती. कधीच नव्हती. मला थायरॉईडचा रोग होता. मला एकाची दोन माणसा दिसायची, म्हणून मी बोलायची मागं कोण हाय. कुणाच्या मागं कोण नव्हता. माझा चुकला. ह्या पोरीला तोच रोग हाय, तिला सोडा."

चढणीनं नि भीतीनं ती थरथरत होती, डोळे तसेच, आवाज फाटलेला. मग गुरवानं हात जोडले. "आई कोपली," तो म्हणाला. त्याच्या मागं एकेक जण वाकला. बाया कपाळ टेकून म्हणायला लागल्या, चुकला असेल तर माफी कर, आई. काकी ओरडली, "अरे मी इंदू! इंदू हाय मी!" जितकी ओरडली तितके लोक खाली वाकले. मोबाईलवालंही एक पोरगं वाकलं. मी कडेला उभी होते. मलाही वाकवेना आणि उभंही राहवेना.

त्या वाकलेल्यांतून एक बाई गुडघ्यांवर पुढं आली. कपाळ मोकळं, कानशिलं पिकलेली. मी ओळखलं, एसटीत सांगितलेली तीच. तिनं वर बघून विचारलं, "आई, मागं कोण नव्हता बोललीस… मग तो गेला काय?"

काकीनं तिच्याकडं बघितलं. मग संगीकडं. मग एकदा माझ्याकडं बघितलं, जशी विचारते आहे. मी मान खाली घातली, मला काय ठाऊक. मग काकीनं चष्मा काढून माझ्या हातात दिला, केसांची गाठ सोडली आणि सहाणेवर जाऊन बसली. आवाज बदलला तिचा. "गेला," ती म्हणाली. "कधीचाच गेला. तू मोकळी हायस. लगीन कर, नको करू, तुझा तू बघ, पण कुणाला विचारू नको." ती बाई तिथंच आडवी पडून रडली. मग काकीनं हात वर केला. "दत्तू. मला ह्या वाडीत दुसरी बसवायची नाय. पोरीला उद्याच्या उद्या मुंबईला ने. मोठ्या दवाखान्यात. तिथं डॉक्टर सांगतील तेच माझा सांगणा. नाय नेलीस तर मी पालखीत बसणार नाय."

दत्तूदादानं जमिनीला डोकं टेकलं. "नेतो, आई."

उतरताना जीपमध्ये काकीनं पदर तोंडावर ओढून घेतला होता. मला वाटलं, झोपली. पण पदराआडून म्हणाली, "आधी बोलायची ते दिसायचा म्हणून बोलायची. आज काय दिसत पण नव्हता, सुमे. आज खरोखर खोटा बोलले. देवीच्या जागी बसून." मी म्हणाले, काकी, पोर वाचली ना. "वाचली तर वाचली. मला तोंड कुठं हाय?" त्यानंतर तिनं घरातल्या देवीच्या तसबिरीला हार घालणं सोडलं. मला घालायला सांगायची आणि स्वतः दाराबाहेर उभी राहायची. त्या बाईचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. काकीनं विचारायचं धाडस केलं नाही.

दवाखान्यात काकी आली नाही. म्हणाली, माझ्याकडं बघून पोर बावरेल. मी गेले. त्याच डॉक्टरीणबाई. संगीचा कागद थरथरला, दोन पेनं झाली, सगळं तसंच. वेळेत आणली म्हणाल्या, नस अजून धरून आहे. मग लिहिता लिहिता विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास?" दत्तूदादा म्हणाला, "नाय नाय. घराण्यात कुणाला रोग नाय." संगीनं मान वर केली. ती म्हणाली, "माझ्या आत्याला. हाच रोग हाय तिला."

घरी येऊन काकीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "बापासमोर बोलली?" "हो, समोरच." "आवाज बारीक होता काय?" "नाही, नेहमीसारखा." तिनं सूप खाली ठेवलं आणि तळव्यांनी डोळे दाबले. डोळ्यांतून पाणी तर तिच्या सदाच यायचं, त्यामुळं रडली की नाही, सांगता येणार नाही.

ती गेल्याला आता काही आठवडे झाले. संगी तपासणीला जाता-येता बिरवाडीत उतरते, काकीच्याच खोलीत निजते. सूज उतरायला उशाला उंच लागतं, म्हणून काकी दोन उशा घ्यायची. दुसरी मीच शिवून दिलेली, जुन्या परकराची. पण वाडीचं कुणी आलं की काकी ती घाईनं पलंगाखाली ढकलायची. देवीला सूज येते हे दिसायला नको, असं सुरुवातीला, आणि पुढं नुसत्या लाजेनं. गेल्या रविवारी संगी पडली होती आणि अंगणात वाडीच्या दोन बाया आल्या, हातात नारळ. माझा हात सवयीनं उशीकडं गेला. संगी म्हणाली, "राहू दे ना ताई." उठून बसली, दोन्ही उशा पाठीला घेतल्या आणि त्यांच्यासमोरच डोळ्यांत थेंब घातले.

बाया दारातच थबकल्या. थोरलीनं नारळ या हातातून त्या हातात घेतला. "दोन उशा कशाला गो?"

"सूज उतरते मावशी. डॉक्टरनं सांगितलंय."

"उतरते?"

"उतरते हळूहळू."

मी चहा ठेवायला वळले. मग ती थोरली खाली बसली आणि आवाज दाबून म्हणाली, "आमच्या सुनेचे डोळे पण सकाळचे लई सुजतात… कुठच्या दवाखान्यात जाता गो तुम्ही?"